समितीने तपासलेला बटणांचा फोन

जंगलात कचेऱ्या निघाल्या, तेव्हाची ही गोष्ट. कचेरीची सगळी पत्रं सुतारपक्षी लिहायचा. काचेच्या फोनवर चोच आपटून आपटून तो जेरीस आला होता, कारण काचेला चोच कळायचीच नाही. परवा तर वणव्याचा इशारासुद्धा वेळेवर गेला नाही. म्हणून त्याने प्रत्येक अक्षराला बटण असलेला फोन मागितला.

फोन तपासायला समिती बसली. मोर म्हणाला, "ह्याच्या फोटोत माझा पिसारा मावत नाही." अस्वल म्हणालं, "गाणी मोठ्यानं वाजत नाहीत." अध्यक्ष हत्ती म्हणाला, "जुनाट दिसतो."

"अहो साहेब, एक बटण तरी दाबून बघा!" सुतारपक्षी वैतागला. "मला पत्रं लिहायचीत, वरात नाही काढायची!"

कुणीही बटण दाबलं नाही. फोन नापास झाला.

मग समिती काचेच्या फोनवर अहवाल लिहायला बसली. अस्वलाची नखं नुसतीच खरखरली. हत्तीच्या सोंडेखाली दहा अक्षरं एकदम उमटली. दुपार झाली, तरी एक ओळ होईना.

शेवटी हत्ती खाकरला. "सुतारराव, तुमचा तो फोन घ्या आणि लिहा, 'सदर फोन लिखाणास निरुपयोगी आहे.'"

सुतारपक्ष्याने टकटक करत क्षणात लिहिलं.

"वा! एकही चूक नाही," म्हणत हत्तीने अहवाल मंजूर केला.