लखलखीत कासव

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तेव्हा जनावरं बोलायची. माणसं मात्र तेव्हाही आजच्यासारखीच होती, ऐकायची नाहीत.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात तांबटांची आळी होती. दिवस उगवला की आळीत ठोके सुरू व्हायचे. हंडे, घागरी, तपेली, पराती. घरोघर तांब्याचा पत्रा ठोकला जायचा. त्या दणदणाटात तान्ह्याला अंगाई ऐकू जात नसे आणि म्हाताऱ्याला यमाची हाक. म्हणून आळीत सगळे ओरडून बोलत. समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही, तरी मान डोलवत. नव्या पाहुण्याला वाटायचं, काय समजूतदार माणसं आहेत ही.

याच आळीत म्हाळसा राहायची. नवरा भांडी घडवायचा, ती उजळायची. चिंचेचा कोळ, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी, एवढंच तिचं सामान. पण हात असा, की तिने घासलेल्या हंड्यात बघून बायका कुंकू लावत. गावच्या देवीसमोर, सभामंडपात, तांब्याचं एक कासव होतं. नवरात्राआधी ते उजळायचा मान तांबटआळीचा, आणि आळीत तो मान म्हाळसेचा. काळवंडलेलं भांडं दिसलं की तिला चैन पडत नसे. दुसऱ्याच्या घरी हळदीकुंकवाला गेली, तरी बोलता बोलता पदराच्या टोकाने तिथली समई पुसून यायची.

बाई वाईट नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे तुम्हाला तिचा राग येईल.

मुली सासरी गेल्या आणि म्हाळसेचं घर सुनं झालं. भांडी कितीही घासली तरी भांड्याला काही माया लावता येत नाही. अशातच डोंगराखालची कुंभारीण धोंडाई गाव सोडून घाटापलीकडे भावाकडे राहायला निघाली. गावातली चांगली माती संपली होती. धोंडाईच्या मातीच्या खड्ड्यात एक कासव राहायचं. डोंगरातलं, कोरड्यातलं, पाण्यात न जाणारं. म्हाळसेने ते मागून घेतलं.

धोंडाई कासव घेऊन आळीत आली तेव्हा ठोके जोरात होते. तिने उंबऱ्यात उभं राहून पुष्कळ सांगितलं. याला माती लागते, ऊन लागतं, पालापाचोळा लागतो, हा फार हळू बोलतो, कान जवळ न्यावा लागतो. म्हाळसेला त्यातलं निम्मं ऐकू आलं नाही, आणि उरलेलं निम्मं तिने ऐकून घेतलं नाही. तिचं लक्ष कासवाच्या पाठीवर होतं. पाठीवर चिखलाची पुटं चढलेली, कडेला चिकटलेला वाळका पाला. तिच्या मनात आलं, कुंभाराघरची रीतच ही, सगळं मातीत.

“माझ्याकडे काळजी नको, धोंडे,” ती म्हणाली. “कासव काय असतं ते मला सांगतेस? जन्म गेला माझा कासव घासण्यात.”

धोंडाई गाडीत बसली. गाडी वळणाआड जाईपर्यंत म्हाळसा मान डोलवत होती.

मग तिने कासवाला मोरीत नेलं आणि आपल्या परीने त्याचं कोडकौतुक सुरू केलं. चिंच लावली, राख लावली, शेंडीने गोल गोल घासलं. मातीचं पूट निघालं आणि म्हाळसा बघतच राहिली. खाली काळ्याभोर कवचावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या होत्या. प्रत्येक चौकोनात एक चांदणी, जणू कुणी सोनाराने बसून कोरली असावी. आयुष्यभर तिने तांब्याची चमक बघितली होती, पण असं काही बघितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे खोटं नव्हतं हो. त्या क्षणी तिचा त्याच्यावर जीव जडला.

कासवाने मान बाहेर काढली आणि तोंड उघडलं.

“भूक लागली बाळाला,” म्हाळसा म्हणाली, आणि तिने दूधभाताचा घास बोटाने त्याच्या तोंडात सारला.

दुसऱ्या दिवशी आळी बघायला लोटली. शेजारची तारा म्हणाली, “काकू, हे जनावर आणलंत का समई? वात लावा म्हणजे झालं.” सगळ्या हसल्या आणि म्हाळसा फुलून गेली. तेव्हापासून रोज सकाळी भांड्यांच्या आधी कासवाची घासणी ठरलेली. अंगणात फरशी होती, दोनदा धुतलेली, माती म्हणून नावाला नाही. कासवाचे पाय त्या फरशीवर घसरायचे. ते कसंबसं तुळशीपाशी जायचं आणि कुंडीतून सांडलेल्या चिमूटभर मातीत नख्यांनी खरवडत बसायचं. म्हाळसा तिथून त्याला उचलायची, लटकं रागवायची आणि पुन्हा धुऊन काढायची. दूधभात, वर तूप, सणाला गूळ. कासव तोंड फिरवायचं. ती म्हणायची, लाडावलंय. ती दिसली की ते मान आत ओढून घ्यायचं. ती म्हणायची, लाजतंय.

आणि रोज घासताना ते एकदा तोंड उघडायचं. रोज तिचा घास तयार असायचा.

नवरा कमी बोलणारा माणूस. त्याने एकदा हातोडी खाली ठेवली आणि म्हणाला, “तू त्याला तांब्यासारखं घासतेस. तांब्याला दुखत नाही, म्हाळसा.”

“तुम्ही दिवसभर ठोकता ते चालतं, आणि मी हात फिरवला तर दुखतं होय?” ती म्हणाली. नवऱ्याने हातोडी उचलली. घरात शेवटचा शब्द कुणाचा असतो ते त्याला माहीत होतं.

पुढे पुढे चांदण्या मंद दिसायला लागल्या. कवच धुरकट झालं. आता इथे म्हाळसेचं जे चुकलं, ते फक्त तांबटाघरच्याच बाईचं चुकलं असतं. दुसरी कुणी असती तर तिने वैदूला विचारलं असतं, निदान चार दिवस हात आवरला असता. पण मंद पडलेल्या वस्तूवर म्हाळसेला एकच उपाय ठाऊक होता. ती दोनदा घासायला लागली. चिंचेने उजळेना, तेव्हा तिने आंबट लिंबं घेतली. राखेने जमेना, तेव्हा विटेची भुकटी घेतली. जितकं ते फिकं पडे, तितका तिचा हात जोर धरी. आणि जितका हात जोर धरी, तितकं ते फिकं पडे.

त्यात नवरात्र जवळ आलं. तिने मनाशी ठरवलं होतं, घटस्थापनेला हे कासव देवळात न्यायचं आणि तांब्याच्या कासवाशेजारी बसवायचं. गावाने बघावं, उजळ कोणतं.

घटस्थापनेच्या आदल्या सकाळी ती विटेची भुकटी घेऊन बसली. कासव हलत नव्हतं. ती घासत होती, ओवी गुणगुणत होती. घासता घासता फडक्याला लाल लागलं. तिला वाटलं, विटेचा रंग. तिने पाणी ओतलं. पाणी लाल वाहिलं. पुन्हा ओतलं. कवचाच्या सांध्यांतून, चांदण्यांच्या कडेकडेने, बारीक लाल रेघा पुन्हा उमटत होत्या.

म्हाळसेच्या हातातलं फडकं गळून पडलं.

कासवाने मान जराशी बाहेर काढली आणि तोंड उघडलं. सवयीने तिचा हात घासाकडे गेला आणि मध्येच थांबला. पहिल्यांदाच तिने ते तोंड नीट बघितलं. ते घासासाठी उघडलेलं तोंड नव्हतं. ते हलत होतं.

तिने वाकून कान लावला. बाहेर ठोके, घरात ठोके. काही ऐकू येईना.

ती उठली, नवऱ्यापाशी गेली आणि त्याचा हातोडीचा हात धरला. मग शेजारच्या घरी गेली, मग त्याच्या पलीकडच्या. ओरडून सांगून उपयोग नव्हता, म्हणून घरोघरी जाऊन एकेकाचा हात धरत गेली. तिचा चेहरा बघून कुणी कारण विचारलं नाही. ठोके एक एक करून थांबले आणि भरदिवसा सगळी आळी गप्प झाली. आळीच्या पिंपळावर पाखरं बोलतात, हे कित्येकांना त्या दिवशी कळलं.

म्हाळसा मोरीत येऊन कासवाशेजारी जमिनीला गाल लावून पडली.

“काय म्हणतोस रे?” तिने विचारलं.

“पुरे,” कासव म्हणालं. आवाज वाळक्या पानासारखा होता.

“कधीपासून म्हणतोयस?”

“पहिल्या दिवसापासून. मी तोंड उघडलं की तू घास घालायचीस.”

म्हाळसेची नजर त्याच्या पाठीवर गेली. ती म्हणाली, “मला वाटलं, कवच आहे. कवचाला काय कळतंय.”

“पाठ म्हणजे मी पांघरलेलं घोंगडं नाही, काकू. ती मीच आहे.”

दारात नवरा उभा होता. त्याने सगळं ऐकलं, पण “मी सांगितलं होतं” असं म्हणाला नाही. असे नवरे थोडे असतात. त्याने एवढंच विचारलं, की परातीत माती आणून देऊ का. म्हाळसेने कासवाला विचारलं. कासवाला परातीतली माती नको होती, त्याला त्याचा खड्डा हवा होता.

देवळातून बायका बोलवायला आल्या, तांब्याचं कासव उजळायचं राहिलं होतं. म्हाळसा गेली नाही. तिने कासवाला पदरात घेतलं आणि डोंगराखाली धोंडाईच्या ओसाड खड्ड्यापाशी नेऊन ठेवलं. ऊन तापलेलं होतं, माती भुसभुशीत होती. कासवाने पुढचे पाय टेकले आणि खणायला लागलं. जोर नव्हता. दोन नख्या मारल्या की थांबायचं. म्हाळसेचा हात पुढे गेला. तिने तो दुसऱ्या हाताने धरला.

“खणून देऊ का?” तिने विचारलं, आणि या वेळी कान जवळ नेला.

“नको,” कासव म्हणालं. “तू जरा लांब बस.”

ती लांब जाऊन बसली. कासव कधी दिसेनासं झालं, हे तिला त्या अंतरावरून समजलं नाही.

सगळी थंडी ती खड्ड्यापाशी जात राहिली. आत जीव आहे की नाही, कळायला मार्ग नव्हता. उकरून बघावं असं रोज वाटायचं. एकदा तर तिने मातीत बोटं घातली होती. मग ती तशीच बाहेर काढली आणि बोटांना लागलेली माती न झटकता घरी आली.

पळस फुलायच्या दिवसांत माती हलली. कासव बाहेर आलं. पाठीवर खपल्या धरून गेल्या होत्या, कवच राखाडी झालं होतं, आणि चांदणी एकही नव्हती. त्या पुन्हा येणार नव्हत्या. झाडाखाली पडलेलं पळसाचं एक फूल त्याने सावकाश खाल्लं. म्हाळसेने कधीच त्याला असं खाताना बघितलं नव्हतं.

“चल घरी” हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले. “येतोस का?” तिने विचारलं. “अंगणातली फरशी उखडून टाकली मी. माती केलीय सगळीकडे.”

“नाही, काकू.”

“राग आलाय?”

कासवाने थोडा विचार केला. “राग नाही. तुझा हात दिसला की भीती वाटते.”

एवढं बोलून ते डोंगराच्या दिशेने चालायला लागलं. कासवाचं चालणं केवढं हळू. दोन ढांगांत गाठता आलं असतं. म्हाळसा बसल्या जागेवरून हलली नाही, आणि ते झुडपात शिरेपर्यंत तिला सगळं बघावं लागलं.

आळीत ताराने विचारलं, “काकू, तुमचं लखलखीत कासव कुठं गेलं?” पळून गेलं म्हणाली असती तर कुणी पडताळायला आलं नसतं. पण म्हाळसा म्हणाली, “मी घासून घालवलं.”

पुढे म्हाळसेने पुष्कळ भांडी उजळली. पोट होतं, हात होते. थोरली लेक माहेरी आली, तेव्हा तिची छोटी मुलगी आजीकडे धावत आली. म्हाळसेने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि आधी विचारलं, “बाई, घेऊ का गं तुला?” लेक हसली. म्हणाली, आई, नातीला कुणी असं विचारतं का? म्हाळसा हसली नाही. ती मुलीच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिली.

ऐका, लहानांनो आणि थोरांनो: माया करायची तर आधी कान द्यावा आणि मग हात लावावा, कारण न ऐकता केलेली माया सोसणाऱ्याला मारासारखीच लागते.