सोमवारचा चारा

"दुसरा घाणा घालतोय, अप्पाजी. आशीर्वाद द्याल ना?"

बसलिंग तेली मठाच्या ओट्यावर स्वामींपुढे बसला होता. मांडीवर फडक्यात बांधलेल्या बायकोच्या पाटल्या होत्या. उद्या त्या मोडायच्या आणि नवा घाणा आणायचा, असं ठरवूनच तो आला होता.

"पहिला कसा चाललाय?" स्वामींनी विचारलं.

"गर्दी हटत नाही. आख्ख्या पेठेत माझ्याइतकं स्वस्त तेल कुणाचं नाही. तिळाचा भाव, बैलाचा चारा, वर माझी मजुरी. बाकी खर्च आहेच कुठं?"

"मग चांगलं उरत असेल."

"तेच तर... उरत नाही. एकावर भागत नाही, म्हणून तर दुसरा."

"आणि बैल?"

"जरा वाळलाय." बसलिंगने मान खाली घातली. "पेंडसुद्धा विकावी लागते. नुसत्या कडब्यावर आहे."

"आज किती कडबा घातलास?"

बसलिंगला हसू आलं. सोमवारी घाण्याला बैल जुंपायचा नाही, ही त्याच्या जातीची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ती मठाच्या स्वामींना त्यानं सांगायची म्हणजे कमालच.

"आज सोमवार, अप्पाजी. घाणा बंद. आजचा चारा हिशेबात येतच नाही, उरलासुरला घालतो."



दुपारी पंगत बसली. स्वामी स्वतः वाढत होते. भाकरी, आमटी, शेंगांची चटणी. बसलिंगच्या ताटापाशी आले... आणि पुढे सरकले. परतताना पुन्हा तसंच. शेजारचा माणूस मिटक्या मारत जेवत होता. बसलिंगच्या पोटात कावळे ओरडत होते. गडी मानी, त्याला रागही आला.

"अप्पाजी, माझं ताट राहिलं."

"आज तुझा घाणा बंद ना?"

"घाणा बंद असला म्हणून भूक थांबते का?"

स्वामी हातात भाकरी घेऊन तसेच उभे राहिले.

...

दावणीचा बैल बसलिंगच्या डोळ्यांपुढे आला. त्याला फार लाज वाटली.

"म्हणजे सोमवारचा चाराही तेलाच्या भावात धरायचा," तो शेवटी म्हणाला. "घाण्यात फिरणारी लाकडी लाट झिजते, तिला सुतार लागतो, तोही धरायचा. पण मग भाव वाढेल. गिऱ्हाइकं तुटतील, अप्पाजी."

स्वामींनी त्याच्या ताटात भाकरी वाढली.

"तुटू दे. तशीही ती तेल कुठं नेतात? पळीपळीनं तुझा बैल नेतायत."