मीठवाल्याची वाकळ

पुष्कळ वर्षांमागं, घाटाच्या अगदी माथ्यावर एक गाव होतं. त्या गावात एक मीठवाला आणि त्याची बायको राहत होती. गावाचं नाव मला ठाऊक नाही आणि तुम्हाला ते कळून काही उपयोगही नाही. गोष्ट ऐका. लहानांनी ऐका, म्हाताऱ्यांनीही ऐका. मी दोनदा सांगत नसतो.

मीठवाला म्हणजे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून गावोगाव विकणारा. दसरा झाला की तो खाली समुद्राकाठी उतरायचा. पौषात भरल्या गोण्या घेऊन घाट चढायचा आणि घरी महिनाभर बैलांना विसावा द्यायचा. मग बरोबरीच्या मीठवाल्यांचा तांडा निघाला की त्यांच्यासोबत दूरच्या मुलखात. थेट पुढच्या दसऱ्याच्या तोंडावर परत, की दोन दिवसांत पुन्हा समुद्र. म्हणजे हिशेब सरळ होता. वर्षातला पौष महिना तेवढा बायकोचा, बाकी सगळं मिठाचं.

गावातल्या बाया तिला चिडवायच्या. म्हणायच्या, आमचं लग्न बारमाही, तुझं हंगामी. ती हसायची आणि सुईत दोरा ओवायची.

कारण ती वाकळा शिवायची. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्याधोतरांचे थर एकावर एक घालून, त्यांवर टाके मारून केलेलं अंथरूण-पांघरूण. वाकळा सगळ्याच बाया शिवतात. पण हिच्या वाकळेवर बघत राहावं असं काहीतरी असायचं. तव्यावरच्या भाकरीला पडलेले डाग, भिंतीवरून चाललेली मुंग्यांची रांग, ओल्या शेणात उमटलेलं कोंबडीचं पाऊल. जे डोळ्यांसमोर येईल ते टाक्यांत उतरायचं. नवरा घरी असला की ओसरीवर बसून वाटेच्या गोष्टी सांगायचा, आणि ती वाट वाकळेवर वळणं घेत जायची. दोघं भांडलीही भरपूर. ज्या दिवशी भांडण, त्या दिवशीचे टाके बारीक आणि करकचून. समेट झाला की टाके सैल. जाणत्या बाईनं वाकळेवरून हात फिरवला असता तर त्या घरात कधी काय झालं ते तिला सांगता आलं असतं.

तिची स्वतःची वाकळ लग्नाच्या पहिल्या वर्षाची होती. त्या गावाची रीत अशी, की वाकळेच्या मधोमध नवऱ्याच्या अंगावरचं कापड घालायचं. हिनं त्याच्या खांद्यावरचा पंचा घातला, ज्यावर तो गोण्या पेलायचा. तोही न धुता. तेव्हा सासू होती. ती म्हणाली, अगं, धुऊन तरी घे. हिनं ऐकलं नाही. पुढं हिला त्या ठिगळाची एक खोड कळली. पंच्यात मीठ मुरलेलं. पौषातलं धुकं पडायला लागलं की ते ठिगळ दमट व्हायचं. बाकी वाकळ कोरडी आणि मधला तेवढा चौकोन ओलसर. त्यावर हात ठेवला की ती समजायची, आपला माणूस घाट चढतोय.

आता दुसरी रीत ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यावर आहे. लांबून महिन्यांनी परत आलेल्या माणसानं आपणहून उंबरा ओलांडायचा नाही. घरच्या बाईनं आधी त्याच्या पायांवर पाणी घालायचं, बैलांच्या खुरांवर घालायचं, मग त्यानं आत यायचं. वाट पायांना चिकटून आलेली असते, ती दाराबाहेर उतरवायची, असं जुनी माणसं म्हणत.

एका वर्षी राजाच्या मुलीचं लग्न ठरलं. राणीच्या कानावर हिच्या वाकळांची कीर्ती गेली होती. तिनं मेणा पाठवला आणि निरोप दिला, की मुलीला सासरी न्यायला एक वाकळ हवी, अशी की कुणी पाहिली नसेल. तेव्हा मीठवाला नुकताच समुद्राकडे उतरला होता. जाताना नेहमीचंच बोलून गेला होता, पौषात येतो, पाण्याची घागर दाराशी ठेव.

हिला वाटलं, पौषाला अजून अवकाश आहे. राजाघरची वाकळ शिवून, मानाचं लुगडं नेसून, दारात घागर घेऊन उभी राहीन. बघू दे त्याला. म्हणजे गेली ती नवऱ्यालाच दाखवायला. माणसं घर सोडून जातात ती बहुतेक घरच्यांना काहीतरी दाखवायलाच.

निघताना शेजारची म्हातारी धुरपा म्हणाली, "लवकर ये ग बाई. तुझा पौष आम्हाला राखता येणार नाही."

राजवाड्यात तिला आतली खोली दिली. खिडकी नाही, दिवसाही समया. समोर रेशमाचे गठ्ठे, जरीचा दोरा. तिनं जन्मात असं कापड हाताळलं नव्हतं. हात लावला की बोटांच्या भेगांत अडकायचं. पहिले काही दिवस ती नुसतं कापड कुरवाळत बसली. मग नक्षी शोधायला लागली. बागेतला मोर पाहिला, खांबावरची वेल पाहिली, छतावरचं कमळ पाहिलं. मोर काढला, उसवला. वेल काढली, उसवली. टाके सरळ येत होते, एकसारखे येत होते, आणि मेल्यासारखे पडून राहत होते. ती स्वतःवरच चिडायची आणि पुन्हा बसायची. दिवस किती गेले, ते समईच्या उजेडात कळेना.

शेवटी एक वाकळ झाली. मधे मोर, चहूकडे कमळं. दासी बघून वा वा करायला लागल्या. राणीनं ती अंगावर ओढून पाहिली. थोडा वेळ पडून राहिली आणि म्हणाली, "सुंदर आहे. पण गार लागते ग."

ती बरोबरच बोलली. नवं रेशीम गारच लागणार. वाकळवाली खाली बघून म्हणाली, "राणीसाहेब, ऊब जुन्या कापडाला असते. महाराजांच्या अंगावरचं काही फाटकं-विटकं द्या, तुमचं एखादं विरलेलं लुगडं द्या. थरात घालते."

राणीनं दासींना पाठवलं. त्या सगळा वाडा धुंडाळून रिकाम्या हातांनी आल्या. राजा एकदा घातलेला अंगरखा दुसऱ्यांदा घालत नसे, तो लगेच वाटून टाकला जाई. राणीचंही तसंच. एवढा मोठा वाडा, पण जुनं झालेलं एक चिरगूट त्यात सापडलं नाही.

 राणीची नजर कोपऱ्यात गेली. तिथं वाकळवालीनं घरून बरोबर आणलेली स्वतःची वाकळ घडी करून ठेवली होती. राणीनं ती मांडीवर घेतली. मधल्या ठिगळावर हात ठेवला आणि विचारलं, "हे ओलं कसं?"

वाकळवालीनं झटकन हात लावला. ठिगळ दमट झालं होतं. थोडंथोडकं नाही, पहिल्या धुक्याला होतं तेवढंच नाही. चांगलं ओलं, पौष उतरणीला लागल्यावर होतं तसं.

तिचं तोंड उतरलं. ती म्हणाली, "बाहेर धुकं पडतंय का?"

दासी म्हणाल्या, कधीपासूनच.

ती तिथल्या तिथं वाकळ गुंडाळायला लागली. राणीनं कारण विचारलं तेव्हा तिनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. राणीनं वाकळ सोडली नव्हती. नाकाशी नेऊन विचारलं, "हा वास कसला?"

"मिठाचा. बैलांचा. आणि आमच्या ह्यांचा."

"ही मला दे. मागशील ते देते."

"ही दिली तर माझ्यापाशी काय उरलं, राणीसाहेब? तो माणूस अकरा महिने माझ्याजवळ असतो तो एवढाच."

राणीच्या मनात आलं असतं तर तिनं हिसकावून घेतली असती. राणीच ती. पण तिनं वाकळ परत दिली. वाकळवालीनं आपली सुई केसांतून काढून राणीच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "महाराजांचा एक अंगरखा वाटायला देऊ नका. त्यांना तो झिजेपर्यंत घालायला लावा. मग तुम्हीच शिवा. माझ्यानं तुमची वाकळ व्हायची नाही." आणि मेण्याची वाटही न बघता चालत सुटली.

आता तुम्हाला वाटत असेल, ती धावतपळत पोचली आणि तो दारात उभा होता. तसं झालं नाही. व्हायला हवं होतं म्हणून काही होत नसतं.

गाव आलं तेव्हा अंगण रिकामं होतं. धुरपा म्हातारी कुंपणाशी आली आणि म्हणाली, "परवा गेला ग. तांडा थांबेना. नदीपलीकडं तीन वाटा फुटतात, कुठली धरली देव जाणे."

मग म्हातारीनं सगळं सांगितलं. तो आला, दार लावलेलं पाहिलं आणि अंगणात बसला. थंडी मरणाची. बायांनी सांगितलं, अरे, आत जा, घर तुझंच आहे. तो गेला नाही. म्हातारीनंच सांगितलं, मी घालते पायांवर पाणी, मी आईसारखी. तर म्हणाला, "आजी, दुसऱ्याच्या हातचं पाणी घेऊन मी माझ्याच घरात पाहुणा होऊ का?" सबंध महिना भिंतीला पाठ लावून बसून काढला. मूर्ख माणूस. पण असे मूर्खही आता मिळत नाहीत.

ती अंगणात फिरली. भिंतीचा पोपडा एका जागी पाठीनं घासून गुळगुळीत झाला होता. तीन दगडांची चूल, त्यात राख. कुंपणाचा मोडका भाग त्यानं नीट बांधला होता. बैलांच्या खुरांच्या खुणा चिखलात वाळून बसल्या होत्या आणि त्यांत एका बैलाचा मागचा पाय फरपटलेला दिसत होता. बाहेरच्या खुंटीवर त्याचा झिजलेला पंचा. आणि उंबऱ्याशी पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर.

धुरपा म्हणाली, "रोज सकाळी शिळं ओतायचा आणि ताजं भरून ठेवायचा. म्हणायचा, ती दमून येईल, तिला विहिरीवर जायला नको."

पाण्यावर पिंपळाचं एक पान पडलं होतं. तिनं ते काढलं. पाणी ओतून टाकलं नाही. घागर तशीच ठेवली आणि पायरीवर बसून राहिली. रडली असेल. म्हातारी घरात निघून गेली, म्हणून ते कुणी पाहिलं नाही.

ते वर्ष फार लांब झालं. भाकरी थापताना, जात्यावर, विहिरीवर, ती सारखी नदीकडं बघायची. पौषात तो नदीकडून येत नाही, घाटाकडून येतो, हे ठाऊक असूनही बघायची. आणि फावल्या वेळात शिवायची. मोर नाही, कमळ नाही. अंगण शिवलं. भिंतीचा घासलेला तुकडा, तीन दगड, बांधलेलं कुंपण, आणि कडेकडेनं बैलांची पावलं. जे हाताला येत नव्हतं म्हणून ती राजवाड्यात झुरली, ते इथं आपणहून येत होतं. मधोमध तिनं त्याचा पंचा गोल कापून लावला. न धुता.

दसऱ्याच्या तोंडावर तांडा आला, पण तो त्यात नव्हता. बैल दुखावला म्हणून लांबच्या पण सोप्या वाटेनं परस्पर समुद्राकडे उतरला, असं तांड्यातल्यांनी सांगितलं. गावातल्या बाया कुजबुजल्या, की रुसला, आता कसला येतोय. ती शिवत राहिली. त्या दिवशीचे टाके मात्र करकचून आहेत.

पौष लागला. धुकं पडलं. जुन्या वाकळेचं ठिगळ दमट झालं, आणि नव्या वाकळेचंही. ती पहाटेपासून घागर घेऊन दारात उभी राहायला लागली. आणि एका सकाळी धुक्यातून घुंगरं वाजली.

तो अंगणात आला आणि थांबला. केस पिकले होते. तिनं त्याच्या पायांवर पाणी घातलं. बैलांच्या खुरांवर घातलं.  तो उंबरा ओलांडून आत आला आणि अंथरलेल्या वाकळेकडं बघत उभा राहिला.  मग वाकून कडेच्या पावलांवर बोट फिरवलं.

"हा कवड्या बैल. त्याच्या मागच्या पायात काटा मोडला होता. तुला कुणी सांगितलं?"

"अंगणानं."

त्यानं मधल्या गोलावर हात ठेवला. "आणि हा चंद्र कशाला?"

"चंद्र नाही हो. तुम्ही भरून ठेवलेली घागर."

तो खाली बसला आणि त्या गोलावर हात तसाच ठेवून बसून राहिला. मग म्हणाला, "ओली लागतेय." ती म्हणाली, "लागणारच."

पुढं राणीनं पुन्हा मेणा पाठवला नाही. जरीच्या मोराला पेटीत कसर लागली आणि त्याची चाळणी झाली. राजकन्या सासरी गेली ती पांघरुणाशिवाय. पण तिला पहिलं मूल झालं तेव्हा राणीनं स्वतःच्या हातानं शिवलेलं एक वेडंवाकडं दुपटं पाठवलं, राजाच्या विरलेल्या अंगरख्याचं. ते मूल त्याच्याशिवाय झोपत नसे, असं म्हणतात. आणि मीठवाल्याच्या बायकोनं त्यानंतर पौषात उंबरा सोडून कुठं पाऊल टाकलं नाही.

बोध एवढाच: जे माणूस आपल्यासाठी झिजतं त्याच्याकडं नीट बघा, नक्षी तिथंच असते, ते सोडून ती दुसरीकडं शोधाल तर हातात नुसतं गार कापड उरेल.