केतकीचे शेवटचे नाव

एका राज्यात, जिथे नदी सकाळी पूर्वेला वाहे आणि दुपारनंतर पश्चिमेला, आणि कुणालाच त्याचे नवल वाटत नसे, एक चाल होती. राजवाड्यात नवी वस्तू आली की दरबारची पारखीण तिच्या तोंडावर तिचे तीन गुण आणि तीन दोष सांगे. तलवार असो, हत्ती असो, नाहीतर युवराजाची नवरी. नवरीच्या वेळी रुसवेफुगवे बरेच झाले, पण चाल मोडली नाही.

पारखिणीचे नाव केतकी. तिचा नवरा हंबीर कापड रंगवी, आणि रोज सकाळी बायकोला नवे नाव ठेवी. कधी 'चिंचेचा आकडा', कधी 'तोफखाना', कधी 'टोपलीभर ऊन'. सात वर्षांत एकही नाव त्याने दुसऱ्यांदा वापरले नाही. एके दिवशी ती उठायच्या आतच तो नदीपलीकडे लाल रंगासाठी मंजिष्ठेच्या मुळ्या आणायला गेला. वाटेत होडी उलटली. नावाडी पोहून काठाला लागला, हंबीर लागला नाही. केतकीच्या दुःखात एक काटा राहून गेला. त्या सकाळचे नाव तिने ऐकलेच नव्हते.

ती सुतकात असतानाच तमाळ नावाचा जादूगार दरबारी आला. त्याने खेळाचा एक पट अंथरला. त्यावर बसणारा थेट आत जाई. आत डोंगर होते, किल्ले होते, राक्षस आणि खजिने होते, आणि हवे ते रूप घ्यायची मुभा होती.

"महाराज, आधी परीक्षा," तमाळ म्हणाला.

राजा पद्मकेतूचे हात शिवशिवत होते. "पारखीण सुतकात आहे. तेरा दिवस कोण थांबतो?" असे म्हणून तो बसला आणि लाकडाची सोंगटी झाला. त्याला शोधायला प्रधान गेला, प्रधानाला शोधायला सेनापती. पुढे तर लोक कुणालाही न शोधता जाऊ लागले. वर्षभरात निम्मे नगर पटावर जमा झाले. कालव्याची दारे उघडायला माणूस उरला नाही, न्यायासनावर चिमण्यांनी घरटी केली. राणी रोज पटापाशी बसून लाकडी राजाला दिवसभराची हकीकत सांगे. अखेर ती स्वतः केतकीच्या दारी आली.

"पारखीणबाई, माझं माणूस मला परत आणून द्या," राणी म्हणाली. माणूस परत न येणे म्हणजे काय, हे केतकीला कुणी समजावून सांगायला नको होते. ती उठली.

तमाळ वेशीबाहेर जांभळाखाली बसून होता. वर्षभर तो तिथून हलला नव्हता.

"पट कसा उघडेल?" केतकीने विचारले.

"आत जा. तीन दिवसांत तीन खरे गुण आणि तीन खरे दोष सांग. शब्द खोटा निघाला, किंवा तिसरा सूर्य बुडाला, तर तूही कायमची सोंगटी."

"तुझा पट. तूच सांग की."

"बारा वर्षं खपलोय मी त्याच्यावर. माझ्या तोंडून दोष निघत नाहीत," तमाळ म्हणाला, आणि त्याने मान खाली घातली.

केतकी पटावर बसली. तिच्या रंगाच्या रांजणांपाशी राहणारी एक टिटवी होती, फार तोंडाळ. तीही न विचारता मागून आली.

पहिल्या दिवशी केतकी पाहतच राहिली. असे डोंगर तिने जन्मात पाहिले नव्हते. झुरळाला भिणारा खजिनदार तिथे ढाल घेऊन वाघावर चालून जात होता, पायाने अधू असलेला कुंभार घोडा दौडवत होता आणि मोठमोठ्याने हसत होता. "दुबळ्याला बळ देतोस," केतकी म्हणाली, "हा तुझा गुण पहिला." वाटेत एक म्हातारी रडत होती. "बाळे, माझी शेळी हरवली." केतकीने काटेकुटे तुडवत शेळी आणून दिली. म्हातारीने आशीर्वाद दिला, डोळे पुसले आणि म्हणाली, "बाळे, माझी शेळी हरवली." शेळी तिच्या मांडीशी उभी होती.

"अगं, शेपटी धर की तिची!" टिटवी ओरडली. म्हातारीला ते ऐकूच गेले नाही.

"तुझ्या घरच्या माणसांना एकच वाक्य येतं," केतकी पटाला म्हणाली. "हा दोष पहिला."

दुसऱ्या दिवशी ती किल्ल्याशी पोचली. राजा पद्मकेतू राक्षसाशी लढत होता. तो मेला, पिंपळाच्या पारावर पुन्हा जिवंत झाला, पुन्हा लढला, आणि दुपारी राक्षस पडला. पुढे नदी होती. तिथे होडी वल्हवत होता दुलबा, हंबीरला नेणारा तोच नावाडी. केतकीला पाहताच त्याने तोंड फिरवले. तो भोवऱ्यातून होडी सुखरूप पैलतीराला नेई, उतरे, आणि पुन्हा तीच खेप करी. वर्षभर एवढेच. केतकीला राग यायला हवा होता, पण ती काठावर बसून त्याच्या खेपा मोजत राहिली.

"चुकलेल्याला पुन्हा डाव देतोस," ती म्हणाली, "हा गुण दुसरा." इतक्यात किल्ल्यावरून डरकाळी आली. मारलेला राक्षस उठून बसला होता आणि राजा पुन्हा तलवार उपसत होता. "आणि केलेलं काहीच केलेलं राहत नाही. हा दोष दुसरा."

तिसऱ्या दिवशी वाट एका अंगणात संपली. अंगणात रंगाचे रांजण होते. हंबीर कोपरापर्यंत निळे हात घेऊन उभा होता.

"आलीस, टोपलीभर ऊन?" तो म्हणाला.

तोच आवाज, डाव्या भुवईवरचा तोच व्रण, हसताना मान तिरकी करायची तीच खोड. ती त्याच्या शेजारी बसली. त्याने 'तोफखाना' म्हटले, 'चिंचेचा आकडा' म्हटले. सातही वर्षांची नावे त्याला पाठ होती. दुपार कधी झाली तिला कळले नाही. कळून घ्यायचेही नव्हते. इथे राहिले तर काय बिघडणार होते?

"सूर्य कलला, भवाने!" टिटवी किंचाळली. "राणी तिकडे लाकडाशी बोलतेय!"

केतकीने हंबीरचा निळा हात घट्ट धरला. "एक सांगा. त्या सकाळी माझं नाव काय ठेवलं होतंत?"

हंबीर हसला. "आलीस, टोपलीभर ऊन?"

"ते झालं. त्या सकाळचं सांगा."

"तोफखाना," तो म्हणाला. मग 'चिंचेचा आकडा'. मग पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी मान तिरकी, दर वेळी तेच हसू. जो माणूस एक नाव दुसऱ्यांदा घेत नसे, तो आता तिसरी फेरी म्हणत होता.

केतकी रडली, अगदी मोकळ्या गळ्याने. सूर्य डोंगराला टेकला तशी ती उठली.

"माझ्यापाशी जेवढं होतं, तेवढं तू मला कणभरही न सांडता परत दिलंस. हा गुण तिसरा," ती म्हणाली. मग तिने हंबीरचा हात सोडला. "आणि जे माझ्यापाशी नाही, ते तुझ्यापाशीही नाही. हा दोष तिसरा."

हंबीरची मान तिरकी झाली ती तशीच राहिली. मग अंगण विरले, डोंगर विरले, आणि पट उघडला.

दरबारात एकदम माणसेच माणसे झाली. राजा राणीपुढे ओशाळून उभा राहिला. तिने त्याला वर्षाची हकीकत पहिल्यापासून सांगायला घेतली आणि त्याने एकदाही मध्ये तोंड घातले नाही. कालव्याची दारे उघडली, न्यायासनावरची घरटी अलगद उतरवली गेली. राजा म्हणाला, "पट जाळा." केतकी म्हणाली, "महाराज, मी गुणही सांगितलेत." मग ठरले की आठवड्यातून एक दुपार पट अंथरावा, आणि कुंभाराचा नंबर पहिला. तमाळने केतकीला वाकून नमस्कार केला. "इतकं नीट कुणी पाहिलं नव्हतं," एवढेच तो बोलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी घराकडे निघाली. हात रिकामे, मन त्याहून रिकामे. मागून कुणीतरी धावत आले. दुलबा होता.

"वैनी, तेव्हा तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, म्हणून पटात पळालो. पण तुमची एक वस्तू माझ्यापाशी राहिलीय." त्याने डोळे पुसले. "त्या सकाळी हंबीरदादा होडीत बसल्या बसल्या हसत होता. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, 'दुलबा, आज बायकोचं नाव घोरूबाई. सांगायला गेलो तर अशी गाढ झोपलेली की उठवावंसं वाटेना. संध्याकाळी सांगीन आणि मार खाईन.'"

केतकी वाटेतच उभी राहिली.

"मी घोरते?" ती म्हणाली.

"रांजण हलतात," टिटवी म्हणाली.

केतकी हसली, आणि हसता हसता वाटेवर बसून रडली. नदी तेवढ्यात पश्चिमेला वळली. केतकी उठून घरी गेली, आपणही आता घरी जाऊ.