गूळ चालतो

बाळांनो, डोंगराखालच्या एका रानात एक अस्वल राहत असे. रानाच्या कडेला गुऱ्हाळ होते. हंगाम संपल्यावर गुऱ्हाळवाले गुळाची एक ढेप तिथेच विसरून गेले. अस्वलाने ती लोळवत आपल्या गुहेत आणली आणि बसल्या जागी खायला सुरुवात केली.

शेजारच्या बिळात एक काटेरी साळू राहत असे. ती म्हणाली, "दादा, सकाळपासून नुसता गूळच खाताय."

"सर्दी झालीय ताई. सर्दीला गूळ चालतो."

दुसऱ्या दिवशी सर्दी नव्हती. "आज एकादशी. उपवासाला गूळ चालतो."

"आणि आज?" तिने तिसऱ्या दिवशी विचारले.

"गूळ कशाचा? उसाचा. ऊस म्हणजे गवतच की. हरणं दिवसभर गवत खातात, त्यांना कुणी विचारतं?"

सगळ्या सबबी संपल्या, तेव्हा अस्वल गुहेबाहेर जाऊन जरा वेळ उन्हात उभे राहिले आणि लगेच आत आले. "उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी द्यायची रीत आहे," ते म्हणाले. पाणी प्यायचे मात्र त्याला आठवले नाही.

पुढे उन्हाळा तापला, तळे आटले. सगळे प्राणी खिंडीपलीकडच्या नदीकडे निघाले. अस्वलही निघाले, काखेत गुळाचा खडा घेऊन. पहिल्याच चढावर त्याला धाप लागली आणि ते खाली बसले. त्याच्या सबबी एव्हाना रानभर झाल्या होत्या. पुढून एक वानर म्हणाले, "दादा, तुम्हाला तर सगळं चालतं. मग आता चाला की." सगळे हसले आणि पुढे गेले.

साळू तेवढी मागे थांबली. अस्वलाचा घसा सुकला होता. तरी त्याने खडा तोंडाजवळ नेला. "दमलेल्याला गूळ..." एवढे बोलून ते थांबले. साळू त्याच्या शेजारी बसली. तिचेही ओठ कोरडे पडले होते. आपण उठलो नाही, तर हीसुद्धा उठायची नाही, हे अस्वलाला कळले. त्याने खडा मुंग्यांपुढे ठेवला आणि ते उठले.

थोडे चालत, थोडे बसत, दिवस मावळताना दोघे नदीवर पोचले. वानराने चेष्टेने विचारले, "या दादा, उन्हातून आलात. गूळ-पाणी?"

अस्वल पोटभर पाणी प्यायले. मग सावकाश म्हणाले, "नुसतं पाणी पुरे रे बाबा. गूळ चालला, की मी चालत नाही."

तात्पर्य : जिभेला सबब लगेच सापडते, पण तिचे ओझे पायांना वाहावे लागते.