राजेसाहेब, पाटकरी आणि तीन दारं

राजेसाहेबांच्या गुलाबबागेत गुडघाभर पाणी साचलं, आणि त्याचा आळ आला एका वेबसाइटवर.

कुंभवलीचं संस्थान कधीच खालसा झालं होतं, पण उदाजीरावांना सगळा गाव अजून ‘सरकार’च म्हणे. त्यांच्या बागेचं पाणी ‘पाटकरी’ नावाचा, म्हणजे पाटाचं पाणी सोडणाऱ्या चाकराचंच नाव दिलेला, एक प्रोग्राम सोडत असे. हा पाटकरी कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. कुणीही फुकट घ्यावा, वापरावा, सुधारणा सुचली तर करून सर्वांना द्यावी, अशी रीत. सुधारता सुधारता त्याच्या तीन आवृत्त्या झाल्या. तिन्ही वापरात होत्या आणि वेबसाइटवर सूचना मात्र फक्त तिसरीच्या होत्या. ‘पाणी थांबवायला उजवं बटण दाबा,’ असं राजेसाहेबांनी तिथे वाचलं आणि दाबलं. त्यांच्याकडे होती पहिली आवृत्ती. तिच्यात उजव्या बटणाने सगळे नळ उघडत.

सूचनांची पानं लिहिणाऱ्या मुलीला वाड्यावर बोलावणं गेलं. रेवू कुदळे तिचं नाव. बाप कौलं भाजायचा, आणि ही फावल्या वेळात पाटकरीसाठी बिनपगारी लिहायची. वेबसाइट चालायची ती राजेसाहेबांनी वाड्यात ठेवून घेतलेल्या यंत्रावर, त्यांच्याच विजेवर. त्यामुळे ती मुकाट्याने हजर झाली.

“दसऱ्यापर्यंत हे नीट कर,” राजेसाहेब म्हणाले, “नाहीतर तुमचं यंत्र वाड्याबाहेर.”

दसऱ्यानंतर लगेच रब्बीची पाणीपाळी सुरू होणार होती. त्या वेळी वेबसाइट बंद पडली, तर कालव्यावरची सगळी गावं एकमेकांच्या शेतात पाणी सोडत बसली असती.

तिने तिन्ही आवृत्त्यांच्या सूचना एकाच पानावर घातल्या. दिवाणजींनी ते पान राजेसाहेबांना वाचून दाखवलं. “पाणी थांबवायला, पहिली आवृत्ती असल्यास डावं बटण. दुसरी असल्यास मधलं. तिसरी असल्यास उजवं, परंतु दुसरीवरून तिसरीवर आला असाल तर आधी...”

“पुरे,” राजेसाहेब म्हणाले. “हे वाचून होईतो गुलाबाच्या जागी कमळं फुलतील. दुसऱ्याच्या कामाचं एक अक्षरही आम्हाला दिसता कामा नये.”

रेवूने पानं वेगळी केली आणि सुरुवातीला एकच ओळ ठेवली : ‘आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे?’

राजेसाहेबांच्या मिशा थरथरल्या. “आम्हाला प्रश्न? पाच पिढ्यांत या गादीला कुणी प्रश्न विचारला नाही.”

खरी गोष्ट दिवाणजींनी बाहेर आल्यावर तिच्या कानात सांगितली. आवृत्ती म्हणजे काय आणि आपल्याकडे कितवी, हे सरकारांना ठाऊकच नव्हतं.

“मग पहिली काढून तिसरी बसवू का?” रेवूने दुसऱ्या दिवशी विचारलं.

“आमच्या पाटकरीला हात लावायचा नाही. आम्हाला सवय झालीय.” राजेसाहेबांनी बोटांवर मोजत अटी सांगितल्या. “वेबसाइट एकच. जुनं पुसायचं नाही. ज्याचं त्यालाच दिसलं पाहिजे. आणि आम्हाला काही विचारायचं नाही.”

दिवाणजींनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. रेवू फाटकापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. राजेसाहेबांच्या थोरल्या बहिणीची, आक्कासाहेबांची मोटार महाद्वारातून आत येत होती, दूधवाला मागच्या दाराने जात होता, माळी बागेच्या बुटक्या दारातून वाकून शिरत होता. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. तिला एकदम हसू आलं आणि ती घराकडे पळत सुटली.

दसऱ्याला दरबार भरला. राजेसाहेबांनी आपला जुना संगणक मांडून घेतला होता. माळ्याकडे त्याच्या स्वतःच्या शेतावरची दुसरी आवृत्ती होती. थोरल्या आक्कासाहेब मळ्यावरून तिसरी घेऊन आल्या होत्या.

“आपापल्या पाटकरीत ‘मदत’ लिहिलेलं बटण दाबा,” रेवू म्हणाली.

तिघांनी दाबलं. राजेसाहेबांना डावं बटण सांगितलं गेलं, माळ्याला मधलं, आक्कासाहेबांना उजवं. कुणाच्याही पानावर दुसऱ्याची एक ओळ नव्हती. राजेसाहेबांनी डावं बटण दाबलं. बागेतले नळ बंद झाले.

“आम्हाला न विचारता तुला कळलं कसं?”

“सरकार, या वाड्याचा पत्ता एकच, पण दारं तीन. कोण कुठल्या दाराने आला, यावरून तो कोण ते कळतं. वेबसाइटलाही तशी दारं केली. आपला जुना पाटकरी वर्षानुवर्षं ज्या दारावर येतो, तिथे जुनंच पान परत ठेवलं. नव्या दोघांची ‘मदत’ची बटणं दुरुस्त करून त्यांना वेगळी दारं दिली. आपल्याला कशाला विचारू? मालकाची ओळख चाकराकडून पटते.”

राजेसाहेब हरायला तयार नव्हते. त्यांनी खिशातून फोन काढला, पाटकरी न उघडता वेबसाइटचं नाव थेट टाकलं आणि फोन विजयाने वर धरला. “हे बघ. इथे विचारतेय, कोणती आवृत्ती? आम्हाला प्रश्न विचारलास!”

आक्कासाहेबांनी पदर तोंडाला लावला.

“विचारला, सरकार,” रेवू म्हणाली. “चाकर नाही, लवाजमा नाही, फेटा नाही, असे एकटेच भिंतीवरून उडी मारून आलात, तर आपलाच पहारेकरी विचारणार नाही का, ‘कोण रे तू?’”

राजेसाहेबांनी क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांच्या मिशा पुन्हा थरथरल्या, आणि हसण्याचा असा गडगडाट झाला की दिवाणजींच्या हातातलं तबक कलंडलं.

“यंत्र वाड्यातच राहील,” डोळे पुसत ते म्हणाले. “आणि आमच्या हयातीत त्याची वीज तुटणार नाही. आता स्वतःसाठी माग, काय हवं ते.”

“पाटकरीची नवी आवृत्ती घ्या, सरकार.”

“ते सोडून,” राजेसाहेब म्हणाले आणि स्वतःच्या डोक्यावरचा जरीचा फेटा उतरवून त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला.