वाफ्यावरची वाकडी करंगळी

करंजओढे हे डोंगराच्या पोटाशी वसलेलं लहानसं गाव. रंगबुवा महाराज तिथे आले, मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर गोणपाट अंथरून बसले आणि तिथलेच झाले. ना मठ, ना गादी. कुणी हौसेनं मखमली गादी आणली, तर महाराज म्हणाले, "ती पलीकडच्या बाळंतिणीला नेऊन दे, तिला गारठा बाधतोय." असा सगळा कारभार! महाराजांच्या उजव्या हाताची करंगळी आत वाकलेली होती. प्रसाद घेताना आपल्या तळहाताला आधी तीच लागायची.

त्या गावात चंपाबाई लडकत नावाची माळीण राहायची. नवऱ्यानं ओढ्याकाठी पॉलिहाऊस उभारलं आणि आत एक रोप लागण्याआधीच तो गेला. जमीन सामाईक. शेजारीच धाकटा दीर विलास याचं मोठं पॉलिहाऊस होतं, आणि त्याचा डोळा हिच्या शेडवर. त्यानं चारचौघांत सांगून टाकलं, "वहिनी, दिवाळीला फुलं निघाली तर शेड तुमचं. नाही निघाली तर मी चालवणार, आणि तुम्ही माझ्याकडं फुलं बांधायला यायचं." बाईचा सगळा संसार त्या प्लास्टिकच्या छपराखाली येऊन थांबला.

कृषी सहायक म्हणाला, "फुलांसाठी जरबेरा लावायचा तर मातीचे उंच गादीवाफे करा." बाई गोंधळली. तडक देवळात आली.

"महाराज, सायब म्हणत्यात गादी करा. मातीची गादी? आन् बसायचं कुणी तिच्यावर?"

महाराज हसले. "आम्ही बसू की! हे गोणपाट टोचतंय आम्हाला. तू गादी कर आणि नीट राख, म्हणजे झालं."

दुसरं कुणी असतं तर थट्टा समजून हसत घरी गेलं असतं. चंपाबाईनं तो शब्द जसाच्या तसा धरला! तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस कालवून, दोरी लावून तिनं गुडघाभर उंच वाफे रचले. मधून चालण्यापुरत्या वाटा ठेवल्या. महाराजांची गादी म्हटल्यावर तिच्यावर पाय पडेलच कसा? चपला दाराबाहेर राहायच्या. पाणी दिलं की वाफ्याची कड ढासळते. रोज सकाळी ती वाटेत उकिडवी बसायची, ओल्या हातानं कड थापून सारखी करायची आणि उठताना वाफ्याला डोकं टेकवायची.

विलासनं हे पाहिलं आणि पोट धरून हसला. "अहो वहिनी, ढेकळाच्या कुणी पाया पडतं व्हय? आणि तुमचे ते महाराज! ज्याला स्वतःची करंगळी सरळ करता येईना, तो तुमची शेती काय सरळ करणार?" असं म्हणून बुटांसकट तो वाफे तुडवत पलीकडे गेला. फार लागलं ते बाईला. तिनं बुटांचे ठसे बुजवले, कड पुन्हा थापली.

श्रावणात लावलेली रोपं कळ्यांवर आली. दसरा तोंडावर होता. तेवढ्यात विलासनं ट्रॉलीला वाट हवी म्हणून दोन्ही शेडमधला पाण्याचा चर मुरूम टाकून बुजवला.

"भावजी, पाणी कुठून जाईल मग?"

"पाऊस सरला की वहिनी! आता कसलं आलंय पाणी?"

झालं! एका दुपारी परतीचा पाऊस असा कोसळला की ओढा पात्र सोडून बाहेर आला. चर बंद, त्यामुळे पाणी दोन्ही शेडमध्ये घुसलं. वाटा भरल्या आणि पाणी कडांना धडका देऊ लागलं. कड सुटली की वाफा विरघळतो, आणि जरबेराचं रोप बुडाशी पाण्यात राहिलं की सडतं. चंपाबाई एक कड थापायची, तोवर दुसरी सुटायची. एकटीचे हात कुठं कुठं पुरणार हो? शेवटी ती धावत सुटली ती देवळाच्या पायरीवर येऊन कोसळली.

"महाराज, तुमची गादी वाहून चालली!"

महाराज गोणपाटावर डोळे मिटून बसले होते. ओसरी कोरडी ठणठणीत. पण काय सांगावं! महाराजांचं धोतर गुडघ्यापर्यंत चिंब झालेलं, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत तांबड्या मातीनं माखलेले! देवळाचा गुरव भिंतीला पाठ लावून बघत होता. "जागचे हलले न्हाईत गं बाई. माझ्या डोळ्यांदेखत हात भरत गेले."

महाराजांनी डोळे उघडले. "ओरडतेस कशाला? आमची गादी आम्ही सोडू व्हय? जा, बघून ये. आणि येताना हात धुवायला पाणी आण."

ती परतली तेव्हा पाऊस थांबला होता. विलासच्या शेडमध्ये चिखलाचा नुसता काला झाला होता, रोपं आडवी पडली होती. वहिनीचंही तसंच झालं असेल म्हणून तो तिच्या दाराशी आला आणि तिथेच खिळला. आत वाटांमधून पाणी तुडुंब होतं, पण एकाही वाफ्याची कड सुटली नव्हती. आणि कडांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहाताचे ताजे ठसे उमटलेले. ते बाईचे नव्हते, रुंद पुरुषी पंजाचे होते. विलासनं स्वतःचा हात एका ठशावर ठेवून पाहिला. चार बोटं बसली. करंगळी बसेना. ठशातली करंगळी आत वाकलेली होती.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बूट तिथेच काढून तो अनवाणी देवळाकडे धावला. त्याच्या आधी पोचलेल्या चंपाबाईनं आणलेल्या पाण्यानं महाराज हात धूत होते आणि पायरीवरून तांबडं पाणी ओघळत होतं. विलासनं त्या ओल्या पायरीवर लोटांगण घातलं. "चुकलो महाराज! तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

"अरे, आमच्या पाया काय पडतोस?" महाराज म्हणाले. "पाणी अजून आत उभं आहे. चर आधी मोकळा कर. मग गादीपाशी जा."

विलासनं स्वतः कुदळ घेऊन सगळा मुरूम उपसला. संध्याकाळपर्यंत पाणी ओढ्याला लागलं. दिवाळीला चंपाबाईच्या शेडमध्ये फुलं उभी राहिली, त्यातली पहिली जुडी मारुतीला गेली, आणि शेड कुणाचं हा विषय विलासनं पुन्हा तोंडातून काढला नाही.

पण त्याआधीची, पुराच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. चंपाबाई आली तेव्हा दाराबाहेर बूट काढून ठेवलेले होते. आत विलास वाटेत उकिडवा बसला होता.

"वहिनी, कड अशीच थापायची ना?"

"जोर लावू नका भावजी, मऊ हातानं. आन् झालं की मग..."

पुढचं सांगावं लागलं नाही. विलासनं वाफ्याला डोकं टेकवलं होतं.